कोरियन भाषेत ‘जमणार नाही’ कसे म्हणावे

कोरियन शिकू लागलेल्या प्रत्येकाला सुरुवातीलाच कळते, की या भाषेत क्रियापदाचा शेवट बदलला की बोलण्यातला आदर बदलतो. मित्राशी बोलताना ‘का’, ओळखीच्या पण अंतर राखून वागायच्या माणसाशी ‘कायो’, आणि सभेत किंवा वरिष्ठांपुढे ‘काम्निदा’. तिन्हींचा मूळ अर्थ ‘जातो’ एवढाच. यावरून शिकणारा सहज असे धरून चालतो, की शेवट औपचारिक ठेवला म्हणजे वाक्य सभ्य झाले. नकार द्यायची वेळ येते तेव्हा ही समजूत अपुरी पडते. साहेबांनी संध्याकाळी जेवायला बोलावले आणि कोणी ‘आन् गाम्निदा’ असे उत्तर दिले, तर त्याचा शेवट पूर्ण औपचारिक असतो, त्यात व्याकरणाची एकही चूक नसते, आणि तरीही ऐकणाऱ्याला ‘मी जाणार नाही’ असे तोंडावर ऐकवल्यासारखे वाटते.

याचे कारण असे, की कोरियनमध्ये शेवटाचा आदर आणि नकाराचा सौम्यपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवट हा समोरचा माणूस कोण आहे हे सांगतो. नकाराचा सौम्यपणा मात्र दोन गोष्टींवर ठरतो: न होण्याचे कारण बोलणाऱ्याच्या इच्छेत आहे की परिस्थितीत, आणि ते न होणे कितपत ठाम शब्दांत मांडले आहे. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘मी येणार नाही’ आणि ‘मला यायला जमणार नाही’ यांतला फरक आपण लहानपणापासून पाळत आलो आहोत. माझे मत असे आहे, की मराठी भाषकाने कोरियन नकार इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकण्यापेक्षा आपल्याच कानाच्या आधाराने शिकावा.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल एक सूचना. इथे कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत आणि ते उच्चाराला जवळचे आहेत, तंतोतंत नव्हेत. ‘ऑ’ आणि ‘ओ’ हे दोन वेगळे स्वर म्हणून वाचावेत. ‘उ’ या एकाच चिन्हाने इथे दोन कोरियन स्वर दाखवले आहेत. त्यांपैकी एक ओठांचा चंबू न करता उच्चारला जातो आणि मराठीत तो नाहीच.

आता मूळ जोडी पाहू. क्रियापदाच्या आधी ‘आन्’ लावला की साधा नकार होतो आणि ‘मोत्’ लावला की असमर्थता दिसते. ‘आन् गायो’ म्हणजे जात नाही, जाणार नाही; ‘मोत् कायो’ म्हणजे जाता येत नाही, जाता येणार नाही. फरक किती खोल आहे हे भूतकाळात अधिक स्पष्ट होते. विद्यार्थ्याने शिक्षकांना ‘सुक्चेरुल् आन् हेस्सॉयो’ असे सांगितले, तर गृहपाठ केला नाही, बस्स, एवढाच अर्थ होतो. त्यात पश्चात्ताप नाही आणि कारणही नाही. ‘सुक्चेरुल् मोथेस्सॉयो’ म्हटले, तर करायचा होता पण करता आला नाही असा अर्थ होतो, आणि शिक्षक साहजिकच पुढचा प्रश्न विचारतात, की काय झाले. म्हणजे ‘मोत्’ वापरणारा माणूस कारण सांगण्याची तयारी दाखवतो. कारण सांगायचे नसेल तर ‘मोत्’ एकटा सोडू नये, हे इथेच लक्षात ठेवलेले बरे.

‘मोत्’मध्ये इच्छेला जागा नसते, याचा पुरावा व्याकरणातच आहे. ‘करायचा विचार आहे’ अशा अर्थाच्या रचनेबरोबर ‘आन्’ चालतो, ‘मोत्’ चालत नाही, कारण न जमण्याचा विचार कोणी आधी ठरवून करत नाही. आज्ञार्थातही ‘मोत्’ येत नाही. ‘करू नका’ म्हणायला वेगळी रचना वापरावी लागते. मराठीतही ‘मला न जमण्याचे मी ठरवले आहे’ हे वाक्य आपल्याला खटकते, ते याच कारणाने.

उच्चारात मात्र ‘मोत्’ फसवा आहे आणि ऐकताना शिकणारा इथेच गोंधळतो. पुढचा वर्ण पाहून त्याचा शेवट बदलतो. ‘मॉगॉयो’ म्हणजे खातो. त्याआधी ‘मोत्’ आला की ‘मोन् मॉगॉयो’ असे ऐकू येते. ‘हेयो’ म्हणजे करतो. त्याचे ‘मोथेयो’ होते. ‘वायो’ म्हणजे येतो. त्याचे ‘मोद्वायो’ होते. लिहिताना तिन्ही ठिकाणी शब्द एकच असतो. संस्कृत संधी शिकलेल्या मराठी वाचकाला हा बदल नवा वाटणार नाही, कारण ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’ होते तोच हा प्रकार आहे.

जागेचाही एक नियम आहे. ‘कोंगबु हादा’ म्हणजे अभ्यास करणे. अशा नाम आणि ‘करणे’ मिळून झालेल्या क्रियापदांत ‘मोत्’ नामाच्या आधी न येता दोहोंच्या मध्ये येतो: ‘कोंगबु मोथेयो’. लेखनात इथे आणखी एक बारकावा आहे. ‘मोत्’ आणि ‘हादा’ सुटे लिहिले तर ‘करता आले नाही’ असा अर्थ होतो, आणि जोडून लिहिले तर ‘त्यात कच्चा आहे, येत नाही’ असा. गाणे येत नाही म्हणणारा माणूस जोडून लिहितो. घसा बसल्यामुळे आज गाता येत नाही म्हणणारा सुटे लिहितो. उच्चार दोन्हींचा एकच असल्यामुळे बोलताना प्रसंगावरूनच समजून घ्यावे लागते. स्वतःचे कच्चेपण सांगताना त्याआधी ‘चाल्’, म्हणजे ‘नीटसे’, हा शब्द जोडण्याची पद्धत आहे. ‘हान्गुगॉरुल् चाल् मोथेयो’, म्हणजे कोरियन नीटशी येत नाही, हे वाक्य कोरियात पोहोचलेल्या प्रत्येक परदेशी माणसाच्या तोंडी असते, आणि ते नम्र आहे.

याच नकाराचे एक लांब रूप आहे: क्रियापदाच्या धातूला ‘जी’ जोडून पुढे ‘मोथेयो’ किंवा ‘मोथाम्निदा’ म्हणायचे. ‘मोत् कायो’ऐवजी ‘काजी मोथेयो’. अर्थात फरक पडत नाही, पण लांब रूप लेखी आणि औपचारिक वाटते, आणि नकार वाक्यात पुढे ढकलला गेल्यामुळे तो कमी अंगावर येतो. पत्रात, ईमेलमध्ये आणि निवेदनात हेच वापरावे. विशेषणांना ‘मोत्’ सहसा लागत नाही; ‘अपेक्षेइतके नाही’ अशा अर्थाने काही विशेषणांबरोबर लांब रूप तेवढे येते.

‘शकत नाही’ असे शब्दकोशात पाहिले की बहुधा तिसरीच रचना समोर येते: ‘काल् सू ऑप्सॉयो’. यात ‘सू’ म्हणजे मार्ग किंवा शक्यता, आणि ‘ऑप्सॉयो’ म्हणजे नाही. जाण्याची शक्यताच नाही, असा त्याचा रोख असतो. अनेक वाक्यांत ती ‘मोत्’च्या जागी चालते, पण तिच्यात नियमाचा, बंदीचा स्वर आहे. इथे छायाचित्रे काढता येत नाहीत, या तिकिटावर आत जाता येत नाही, अशा सूचनांत ती शोभते. आमंत्रणाला उत्तर म्हणून तीच वापरली की माणसाच्या जागी फलक बोलतो आहे असे वाटू लागते. कौशल्य नसल्याचे सांगायला आणखी एक रचना आहे: ‘उन्जॉन्हाल् चुल् मोल्लायो’, म्हणजे गाडी कशी चालवायची ते माहीत नाही. मराठीत ‘मला गाडी चालवता येत नाही’ हे एकच वाक्य शिकलेलो नाही यालाही चालते आणि हात मोडला आहे यालाही. कोरियनमध्ये हात मोडलेल्या माणसाने ‘चुल् मोल्लायो’ म्हणून चालत नाही.

इथपर्यंत कारण परिस्थितीवर गेले. सभ्य नकाराचा खरा कस पुढच्या पायरीवर लागतो, आणि ती पायरी आहे ठामपणा कमी करण्याची. त्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी रचना म्हणजे ‘मोत् काल् कॉत् काथायो’. शब्दशः तिचा अर्थ ‘जाता येणार नाही असे दिसते’ असा होतो. बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते की तो जाणार नाही. तरीही तो स्वतःच्याच बाबतीत अंदाज केल्यासारखे बोलतो. आपणही ‘उद्याचे काही जमेलसे दिसत नाही’ असे म्हणतो तेव्हा खरोखर अंदाज करत नसतो. समोरच्याने हिरमुसले होण्याआधी त्याला एक श्वास घेता यावा, एवढ्यासाठी ते ‘दिसत नाही’ असते. कोरियात स्वतःच्या भावनांबद्दलही हीच रचना वापरण्याची सवय इतकी पसरली आहे, की ‘आनंद झाला असे वाटते’ अशा वाक्यांवर भाषेबाबत आग्रही मंडळी टीका करतात. नकाराच्या बाबतीत मात्र ती अस्थानी नाही, उलट अपेक्षित आहे.

यापुढची पायरी आहे ‘ऑर्यॉप्ता’, म्हणजे अवघड असणे. ‘छाम्सॉगी ऑर्यॉउल् कॉत् कात्सुम्निदा’, म्हणजे उपस्थित राहणे अवघड होईल असे दिसते. इथे नकाराचा एकही शब्द वाक्यात उरत नाही. ‘आन्’ नाही, ‘मोत्’ नाही. पण अर्थ पक्का नकाराचाच आहे, आणि परदेशी माणूस इथे हमखास फसतो. इंग्रजीच्या सवयीने विचार करणारा ‘अवघड आहे, म्हणजे प्रयत्न केला तर होईल’ असे समजून पुन्हा विचारतो, तारीख बदलून पाहतो, अडचण काय ते खोदून काढू लागतो. मराठीत कोणी ‘कठीण दिसते आहे’ म्हटले की आपण उठायच्या तयारीला लागतो. कोरियनमध्येही तेच करावे. दुकानात, बँकेत, कार्यालयाच्या खिडकीवर ‘ऑर्यॉप्सुम्निदा’ ऐकू आले की तो विषय संपलेला असतो. अधिकारी किंवा प्रवक्ता ‘माल्सुम्दुरिगी ऑर्यॉप्सुम्निदा’ म्हणतो, तेव्हा ‘याबद्दल आपल्याला सांगणे अवघड आहे’ याचा अर्थ तो सांगणार नाही असाच घ्यायचा असतो. बोलण्यात याच जागी ‘हिम्दुल् कॉत् काथायो’, म्हणजे ‘जड जाईल असे वाटते’, हेही येते, आणि ते थोडे जास्त घरगुती आहे.

सर्वांत औपचारिक रूप निमंत्रणपत्रांच्या उत्तरांत दिसते. ‘पुदुगिहागे छाम्सॉखाजी मोथागे द्वेऑत्सुम्निदा.’ यातला ‘पुदुगिहागे’ म्हणजे ‘नाइलाजाने’, आणि शेवटच्या रचनेचा अर्थ ‘असे घडून आले आहे’. आपल्याकडच्या ‘काही अपरिहार्य कारणामुळे येणे होणार नाही’ या वाक्याशी तिची ठेवण इतकी जुळते, की वेगळे समजावण्याची गरज पडू नये. दोन्हींत कर्ता बाजूला होतो आणि परिस्थिती पुढे येते. मात्र हे रूप मित्राला पाठवू नये. शेजाऱ्याच्या घरच्या चहाला छापील पत्राने नकार कळवावा, तसे ते होईल.

मराठी भाषकाला इथे एक अडचण येते, ती इंग्रजीवरून शिकणाऱ्यालाही येते आणि म्हणूनच पुस्तकात सापडायला हवी, पण क्वचितच ठळकपणे दिलेली असते. आमंत्रणाला उत्तर देताना आपण ‘मला येता येणार नाही’ म्हणतो. समोरच्याच्या जागेवरून पाहून ‘येणे’ वापरतो. कोरियन माणूस स्वतःच्या जागेवरून पाहतो आणि ‘जाणे’ वापरतो. त्यामुळे ‘तुमच्या घरी मला येता येणार नाही’ याचे कोरियन ‘मोत् कायो’ होते, ‘मोद्वायो’ नव्हे. फोनवर ‘आलोच’ म्हणतानाही कोरियन ‘जातो’च म्हणतो. दुसरी चूक ‘मला’ या शब्दाची आहे. मराठीत जमणे, येणे, करवणे या क्रियापदांबरोबर माणूस ‘मला’ या रूपात जातो. कोरियनमध्ये तो साधा ‘मी’च राहतो, आणि वरिष्ठांपुढे ‘ना’ऐवजी ‘चॉ’ हा नम्र ‘मी’ वापरतो. पुष्कळदा तो गाळलाच जातो.

एका बाबतीत मात्र मराठीची शक्य क्रियापदे थेट उपयोगी पडतात. ‘आता खाववत नाही’, ‘हे मला पाहवत नाही’, अशी जी रूपे आपल्याकडे आहेत, त्यांच्या जागी कोरियनमध्ये ‘मोत्’ आणि क्रियापदात ‘गेत्’ हा मधला प्रत्यय अशी जोडी येते. ‘तॉनुन् मोन् मॉक्केस्सॉयो’, म्हणजे आता आणखी खाववत नाही. यजमानीण पुन्हा वाढायला आली की हे वाक्य योग्य, कारण त्यात पोट भरल्याचा पुरावा आहे, जेवण नको असल्याचा नाही. हाच प्रत्यय ‘माहीत नाही’लाही मऊ करतो. ‘मोल्लायो’ हे ‘मला काय माहीत’ या वळणावर जाऊ शकते, म्हणून वरिष्ठांना ‘चाल् मोरुगेत्सुम्निदा’ असे सांगतात: मला नीटसे ठाऊक नाही.

नकाराबरोबर कारण आणि दिलगिरी येते, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी दिलगिरी, मग कारण, आणि नकार सर्वांत शेवटी. कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे नकार येईपर्यंत ऐकणाऱ्याची तयारी झालेली असते. ‘च्वेसोंग्हाजिमान् कुनारुन् तारुन् इल्चॉंगी इस्सॉसॉ छाम्सॉगी ऑर्यॉउल् कॉत् कात्सुम्निदा’, म्हणजे क्षमा असावी, पण त्या दिवशी दुसरा कार्यक्रम असल्यामुळे उपस्थित राहणे अवघड होईल असे दिसते. कार्यालयीन पत्रव्यवहारात हे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ निभावते. रांजणगावला एलजीचा आणि तळेगावला ह्युंदाईचा कारखाना असल्यामुळे पुणे परिसरातल्या अनेकांना कोरियन सहकाऱ्यांना असे लिहिण्याची वेळ येते.

त्या वाक्यात कारण ‘सॉ’ने जोडले आहे, हे महत्त्वाचे. ‘निक्का’नेही कारण जोडता येते, पण दोहोंचा स्वर वेगळा आहे. ‘पाप्पासॉ मोत् कायो’ म्हणजे कामात असल्यामुळे जाता येत नाही. ‘पाप्पुनिक्का मोत् कायो’मध्ये ‘कामात आहे ना, म्हणून’ असा पुढे रेटलेला खुलासा ऐकू येतो. माफीच्या शब्दाआधी तर ‘निक्का’ चालतच नाही. उशीर झाल्याबद्दल क्षमा मागताना ‘सॉ’च लागतो. माफीचा शब्दही जपून निवडावा. ‘मियान्हेयो’ बरोबरीच्यांना आणि लहानांना. वरिष्ठांना, ग्राहकांना आणि अनोळखी मोठ्यांना ‘च्वेसोंग्हाम्निदा’.

बोलताना बहुतेक वेळा वाक्य पुरे करण्याचीही गरज नसते. ‘ओनुरुन् चोम्...’, म्हणजे ‘आज जरा...’, एवढे म्हणून थांबले तरी उत्तर पोहोचते. ‘चोम्’ म्हणजे थोडे, जरा; अर्थाने तो जवळजवळ रिकामा आहे, पण नकाराच्या वाक्यात त्याच्याइतका कामाचा शब्द दुसरा नाही. किंवा नकार गाळून नुसते कारण सांगायचे आणि त्याला ‘सॉयो’ असा शेवट द्यायचा: दुसरीकडे जायचे ठरले आहे, म्हणून. ‘आज घरी पाहुणे आहेत हो’ असे म्हणून आपण जसे थांबतो आणि उरलेले समोरचा समजून घेतो, तसेच. मन फार होते पण जमले नाही, असे जवळच्या माणसाला सांगायला कोरियन लोक ‘माउमुन् कुल्तुक्कात्चिमान्’ म्हणतात; त्यात मनातल्या इच्छेला धुराड्याची उपमा आहे. वरिष्ठ दुसऱ्याच कोणाला भेटू शकत नसतील आणि आपण ते कळवत असू, तर क्रियापदात आदराचा प्रत्यय घालावा लागतो: ‘साजांगनिमुन् ओनुल् मोदोसिम्निदा’, म्हणजे संचालकसाहेबांना आज येता येणार नाही. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्याच साहेबांचा आदर काढून टाकतात. कोरियनमध्ये तो मराठीसारखाच कायम राहतो.

इतक्या पायऱ्या शिकल्यावर सगळीकडे त्याच वापरण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. पोहता येत नाही हे सांगताना ‘पोहणे अवघड होईल असे दिसते’ म्हणायचे नसते; तिथे कोणाचे मन राखायचे नाही, फक्त माहिती द्यायची आहे, आणि ‘मोथेयो’ पुरेसे आहे. जिथे धोका आहे, जिथे कोणी नकोशी जवळीक करते आहे, तिथे ‘आन् द्वेयो’, म्हणजे ‘नाही, चालणार नाही’, हेच म्हणावे. कामाची मुदत पाळता येणार नसेल तर मऊ वाक्याबरोबर नवी तारीख द्यावी, नाहीतर सौम्यपणा ही पळवाट ठरते.

जेवणाच्या बाबतीत हा निर्णय सर्वांत नाजूक आहे, विशेषतः आपल्याकडच्या शाकाहारी माणसासाठी. कचेरीतले सगळे मिळून बाहेर जेवायला जातात त्याला ‘ह्वेसिक्’ म्हणतात, आणि तिथे बहुतेक वेळा मधोमध मांस भाजले जात असते. ‘कोगिरुल् आन् मॉगॉयो’, म्हणजे मांस खात नाही, हे खरे आणि सरळ आहे; ज्याला हा आपला विचारपूर्वक केलेला निर्णय म्हणून सांगायचा आहे त्याने तेच म्हणावे. पण यजमानाला ती आवडनिवड वाटू शकते, आणि थोडे खाऊन तर पाहा असा आग्रह सुरू होतो. ‘चेगा कोगिरुल् मोन् मॉगॉसॉयो’, म्हणजे मला मांस चालत नाही, म्हणून, असे म्हटले की आग्रहाला जागा राहत नाही आणि कोणाचा अवमानही होत नाही. ॲलर्जी असेल तर मात्र ‘मोत्’वरही विसंबू नये, कारण ‘तिखट मला नीटसे खाता येत नाही’ असे सांगायलाही तोच शब्द वापरतात. तिथे ‘त्तांगखोंग आल्लेरुगिगा इस्सॉयो’, म्हणजे मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असे पूर्ण वाक्य, कोणतीही मऊ झालर न लावता, स्वयंपाक सुरू होण्याआधी सांगावे.